सोनगीर फाट्यावरचा बेडूक

१९७२ साली ॲलन अल्कॉर्न हा तरुण अभियंता कॅलिफोर्नियातल्या अटारी या नव्या कंपनीत रुजू झाला. त्यानं तोवर एकही व्हिडिओ गेम बनवला नव्हता. त्याचा हात बसावा म्हणून कंपनीचा संस्थापक नोलन बुशनेल यानं त्याला एक सोपं काम दिलं. पडद्यावर एक चेंडू, दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये जाळी आणि वर गुण. हे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून आलंय, अशी थापही मारली. असा करार कुठेच नव्हता आणि हा गेम विकायचा बुशनेलचा विचारही नव्हता. मुळात कल्पनाही त्याची नव्हती. राल्फ बेअर यांच्या संशोधनातून तयार झालेल्या, मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’ या घरगुती यंत्रावरचा टेबल टेनिसचा खेळ त्यानं त्याच वर्षी पाहिला होता. तसाच एक खेळ नवशिक्याकडून बांधून घ्यायचा, एवढाच त्याचा हेतू.

सांगितलं तेवढंच केलं तर खेळ कंटाळवाणा होईल, हे अल्कॉर्नच्या लगेच लक्षात आलं. म्हणून त्यानं फळीचे मनातल्या मनात आठ भाग पाडले. चेंडू मधल्या भागाला लागला तर सरळ परतणार, टोकाला लागला तर तिरका सुटणार. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढणार. फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जात नव्हती. तो सर्किटमधला दोष होता, पण त्यामुळे डाव कधीतरी संपतो हे पाहून तो तसाच ठेवला. सनीव्हेलच्या एका बारमध्ये यंत्र ठेवलं आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा भरून ओसंडला होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये ‘पाँग’ बाजारात आला. पुढे मॅग्नाव्हॉक्सनं अटारीला कोर्टात खेचलं आणि १९७६ मध्ये परवाना घेऊन अटारीनं तडजोड केली.

थोडक्यात, आर्केडच्या धंद्याला ज्यानं उभं केलं तो खेळच मुळात एक गृहपाठ होता: दुसऱ्याचा खेळ पुन्हा बनवण्याचा. आज गेम बनवायला शिकणाऱ्यांना हाच गृहपाठ पुन्हा दिला जातो. जुने आर्केड खेळ एकामागून एक स्वतः बांधा, असं त्याचं स्वरूप. ‘ट्वेंटी गेम्स चॅलेंज’ नावाचा असाच एक क्रम शिकणाऱ्यांमध्ये चालतो. त्याची सुरुवात ‘पाँग’ किंवा ‘फ्लॅपी बर्ड’पासून होते, पुढे ‘ब्रेकआउट’, ‘स्पेस इन्व्हेडर्स’, ‘फ्रॉगर’ असे खेळ येतात आणि पायरीगणिक अवघड होत जातात. याशिवाय ठरावीक वेळात गेम पूर्ण करायच्या स्पर्धा असतात. ‘लुडम डेअर’ २००२ पासून चालू आहे. ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून दरवर्षी भरते आणि तिथे साधारण ४८ तासांत गेम उभा करायचा असतो. ‘जेएस-१३-के’ या स्पर्धेत तर सगळा गेम १३ किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेच्या निमित्तानं सरकारनं जी ‘क्रिएट इन इंडिया’ आव्हानं जाहीर केली, त्यांतही शैक्षणिक व्हिडिओ गेमची एक स्पर्धा होती.

या गोष्टी पुण्या-मुंबईपुरत्याच राहायचं आता कारण उरलेलं नाही. धुळ्याच्या उत्तरेला मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर लागतं. टेकडीवरचा जुना किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही या गावाची ओळख. एका हाताला धुळं, दुसऱ्या हाताला शिरपूर, आणि दोन्हीकडे अभियांत्रिकी कॉलेजं. तिथल्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं हे आव्हान घ्यायचं ठरवलं, तर लागतं काय? एक जुना लॅपटॉप आणि ‘गोडो’सारखं गेम इंजिन. हे इंजिन अर्जेंटिनातल्या दोन प्रोग्रामरांनी घडवलं आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे आणि त्यात केलेल्या गेमवर कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. साधनाचा प्रश्न असा सुटतो. मग उरतो तो खरा प्रश्न: पाच मिनिटांत कळणारा खेळ बनवायला आठवडा का लागतो?

सेकंदाचे साठ तुकडे

गेम चालतो म्हणजे आत एक चक्र फिरत असतं. खेळणाऱ्यानं कोणतं बटण दाबलंय ते पाहायचं, त्यानुसार सगळ्या वस्तूंच्या जागा बदलायच्या, आणि नवं चित्र काढायचं. बहुतेक पडद्यांवर हे चक्र सेकंदाला ६० वेळा फिरतं. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. चेंडू ‘सरकतो’ असं आपल्याला दिसतं, पण तो सरकत नाही. तो एका जागेवरून पुसला जातो आणि पुढच्या जागेवर काढला जातो.

नवशिके इथेच पहिल्यांदा अडकतात. ‘दर फ्रेमला चेंडू २ पिक्सेल पुढे’ असं लिहिलं तर ६० फ्रेमच्या लॅपटॉपवर चेंडू सेकंदाला १२० पिक्सेल जातो. तोच गेम १२० फ्रेमच्या मोबाइलवर टाकला की वेग दुप्पट. म्हणून वेग नेहमी सेकंदाच्या हिशेबात लिहायचा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्या आकड्यानं गुणायचं. आर्केडच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता, कारण गेम आणि यंत्र एकत्रच विकलं जायचं. ‘पाँग’मध्ये तर प्रोसेसरही नव्हता, प्रोग्रामही नव्हता. सगळा खेळ सर्किटच्या तारांतून जोडलेला होता.

दुसरी अडचण ‘ब्रेकआउट’मध्ये येते. हा १९७६ चा अटारीचा खेळ. वर विटांच्या रांगा, खाली फळी, चेंडूनं विटा फोडायच्या. त्याचा नमुना स्टीव्ह जॉब्सच्या सांगण्यावरून स्टीव्ह वॉझ्नियाक यानं चार दिवसांत, शक्य तितक्या कमी चिप वापरून बांधला होता. पुढे ॲपल-२ हा संगणक घडवताना ‘ब्रेकआउट’ प्रोग्राममधून चालावा ही त्याची इच्छा होती. त्या संगणकातले रंग, आवाज आणि फिरवायची कळ यांमागे हेही एक कारण होतं, असं त्यानं पुढे सांगितलं. म्हणजे जो खेळ त्यानं तारांतून बांधला, तोच त्यानं स्वतः पुन्हा कोडमधून बनवला.

वीट आणि चेंडू एकमेकांना लागले का, हे तपासणं सोपं वाटतं. दोन्ही चौकोन समजायचे आणि ते एकमेकांवर आलेत का ते पाहायचं. पण समजा, चेंडू १० पिक्सेलचा आहे आणि विटेची जाडी १६. वेग वाढून सेकंदाला १८०० पिक्सेल झाला, तर चेंडू एका फ्रेममध्ये ३० पिक्सेल उडी घेतो. दोघांची बेरीज २६. म्हणजे एका फ्रेमला चेंडू विटेच्या खाली, पुढच्या फ्रेमला विटेच्या वर, आणि दोन्ही वेळा टक्कर नाही! चेंडू विटेतून आरपार जातो. उपाय असा की मोठी उडी तीन-चार लहान पावलांत तोडायची आणि प्रत्येक पावलाला तपासायचं. वाचताना हे कुणालाही पटतं. पण स्वतःच्या गेममध्ये चेंडू भिंतीबाहेर पळून गेल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

दोषातून झालेला नियम

१९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणला. परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा जण. आडवे सरकत जायचं, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरून उलट दिशेनं निघायचं. खालून आपण गोळ्या झाडायच्या. आपण जितके जास्त मारू तितके उरलेले भराभर पळू लागतात. शेवटचा एकटा तर हाती लागत नाही. सोबत चार सुरांचा ठोका वाजत असतो, तोही जलद होत जातो. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची ती यामुळे.

हे वेगाचं गणित सुरुवातीला ठरवून बसवलेलं नव्हतं. यंत्रातला प्रोसेसर मंद होता. तो एका फ्रेममध्ये एकाच परग्रहवासीयाला हलवू शके. ५५ जण असताना सगळ्यांना एक-एक पाऊल टाकून होईस्तोवर ५५ फ्रेम, म्हणजे सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ जायचा. दहाच उरले की सेकंदाच्या सहाव्या भागात फेरी पुरी. एकच उरला की तो प्रत्येक फ्रेमला हलतो. यंत्राची कुवत कमी पडल्यामुळे खेळ आपोआप अवघड होत गेला, आणि निशिकादोंनी ते पाहून तसंच ठेवलं.

आता हाच खेळ आजच्या लॅपटॉपवर बनवा. संगणक ५५ जणांना एका झटक्यात हलवतो. पाच असोत की पन्नास, वेग तोच. चित्रं हुबेहूब, आवाज हुबेहूब, पण खेळ मेलेला. का, ते लवकर कळत नाही. मग जुन्या यंत्राचा मंदपणा मुद्दाम कोडमध्ये लिहावा लागतो: किती जण उरले ते मोजा, त्याला साठानं भागा, आणि तेवढ्या सेकंदांनी पाऊल टाका. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ सुचण्यासाठी आधी खेळ ‘मेलेला’ पाहावा लागतो. जुना खेळ नुसता खेळणं आणि तो पुन्हा बांधणं यांतला फरक इथे दिसतो. खेळणाऱ्याला ताण जाणवतो, बांधणाऱ्याला त्या ताणाचा पत्ता सापडतो.

फाटा ओलांडताना

आता सोनगीरकडे येऊ. १९८१ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीनं ‘फ्रॉगर’ काढला. बेडकाला आधी वाहनांच्या पाच रांगांचा रस्ता ओलांडायचा असतो, मग नदी, आणि पलीकडच्या पाच घरांत पोचायचं असतं. महामार्गावरच्या कोणत्याही गावाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. सोनगीर फाट्यावर तो रचायचा तर रस्ता मुंबई-आग्रा. त्यावर एस.टी., कापसाच्या गाठी भरलेले ट्रक, केळीच्या गाड्या, ट्रॅक्टर. आणि त्याच रस्त्यानं उत्तरेला जाताना शिरपूरच्या अलीकडे लागते ती तापी. रस्ता आणि नदी, दोन्ही जागच्या जागी आहेत.

पण वेश बदलणं हे शेवटचं काम. आधी आकडे बसवायचे. ‘फ्रॉगर’ची पहिली खुबी अशी की बेडूक आणि गाड्या दोन वेगळ्या नियमांनी चालतात. गाड्या सलग सरकतात. बेडूक मात्र चौकटीतून चौकटीत उडी मारतो. अर्धं पाऊल नाही, मागेपुढे करणं नाही. बटण दाबलं म्हणजे निर्णय झाला. नवशिके बेडकालाही गाडीसारखं सलग चालवतात आणि खेळातला जीव जातो, कारण मग खेळणारा धोक्याच्या कडेकडेनं हळूच सरकू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. ते अंदाजानं टाकता येत नाही. समजा, चौकट ४८ पिक्सेलची, बेडूक ४० पिक्सेल रुंद, एस.टी. १४४ पिक्सेल लांब आणि तिचा वेग सेकंदाला १६० पिक्सेल. नवा खेळाडू एका रांगेत अर्धा सेकंद तरी थांबतो: बघतो, ठरवतो, बटण दाबतो. तेवढ्यात पुढची गाडी ८० पिक्सेल जवळ येते. म्हणजे दोन गाड्यांत किमान ४० अधिक ८०, असं १२० पिक्सेल अंतर हवं. त्याहून कमी ठेवलं तर पहिल्या लेव्हलला कुणी वाचणार नाही. २०० ठेवलं तर सरासरी दोन सेकंदांना एक गाडी येते आणि नवख्यालाही संधी मिळते. ५०० ठेवलं तर तीन सेकंदांहून जास्त वेळ रस्ता मोकळा, आणि कंटाळा. पहिली लेव्हल २०० वर आणि शेवटची १२० च्या जवळ, असा उतार बसवला की अवघडपणा आपोआप चढत जातो. मधल्या लेव्हल वेगळ्या रचाव्या लागत नाहीत.

तिसरी गोष्ट टक्कर मोजण्याची. चित्रातला बेडूक ४० पिक्सेलचा असला तरी टक्कर तपासायचा चौकोन ३० चा ठेवावा. बंपरनं पायाला ओझरता स्पर्श केला आणि जीव गेला, तर खेळणारा गेमवर चिडतो. थोडक्यात वाचला, तर स्वतःवर खूश होतो. हे औदार्य खेळणाऱ्याला दिसत नाही, पण हाताला जाणवतं.

आणि मग नदी. इथे ‘फ्रॉगर’ आपला नियम उलटा करतो. रस्त्यावर वस्तूला शिवलात तर मेलात. पाण्यात वस्तूला शिवला नाहीत तर मेलात. ओंडक्यावर किंवा कासवावर उभं राहायचं असतं, आणि ओंडका आपल्याला वाहून नेतो. कोडमध्ये बेडकाच्या जागेत ओंडक्याचा वेग मिळवावा लागतो. तो मिळवायचा राहिला तर ओंडका पुढे जातो आणि बेडूक हवेत लटकतो. मिळवला तर नवा धोका तयार होतो: ओंडक्यावर आरामात बसून राहिलात तर तो पडद्याबाहेर घेऊन जातो. थांबणं रस्त्याच्या कडेला शहाणपणाचं होतं, ते नदीत घातक ठरतं. एकाच टक्कर तपासणीतून, तिचा अर्थ बदलून, दोन वेगळे खेळ निघाले. तापीत ओंडक्याऐवजी होडी घेतली तरी हे गणित तसूभर बदलत नाही.

चार भुतं, चार वाक्यं

आव्हानातला सगळ्यात गाजलेला टप्पा ‘पॅक-मॅन’चा. १९८० मध्ये नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी तो घडवला. चक्रव्यूहात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. मागे लागलेली चार भुतं: लाल ब्लिंकी, गुलाबी पिंकी, निळसर इंकी आणि नारिंगी क्लाइड. खेळणाऱ्यांना वाटतं की भुतं कट करून घेरतात. आत मात्र कट वगैरे काही नाही. प्रत्येक भुताला एकेक वाक्य दिलेलं आहे.

चक्रव्यूह ८ पिक्सेलच्या चौकटींत विभागलेला आहे. ब्लिंकीचं लक्ष्य पॅक-मॅन आहे ती चौकट. पिंकीचं लक्ष्य पॅक-मॅनच्या तोंडासमोर चार चौकटी पुढे. इंकी पॅक-मॅनच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घेतो, ब्लिंकीपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढतो आणि ती दुप्पट लांबवतो. क्लाइड आठ चौकटींपेक्षा दूर असला तर ब्लिंकीसारखा पाठलाग करतो, जवळ आला की आपल्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पळतो. चौकात पोचल्यावर कोणत्या रस्त्यानं लक्ष्य सरळ रेषेत जवळ पडतं तेवढं पाहायचं आणि वळायचं. मधल्या भिंतींचा विचार नाही, पुढच्या चालींचा हिशेब नाही, आणि एरवी उलटं फिरायचीही मुभा नाही.

एवढ्यावर काय होतं ते पाहा. ब्लिंकी मागून येतो, पिंकी पुढून आडवी येते, इंकी ब्लिंकीच्या जागेप्रमाणे बाजूनं घेरतो, क्लाइड मध्येच सोडून जातो. चौघांना एकमेकांशी बोलायची सोय नाही. इंकी तेवढा ब्लिंकीची जागा पाहतो. तरी बघणाऱ्याला टोळी दिसते. शिवाय ही भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलला सुरुवातीची सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, मग वीस सेकंद पाठलाग, पुन्हा सात सेकंद माघार, असं चक्र चालतं. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते ती यातून.

वेगाचे आकडेही असेच नेमके आहेत. पहिल्या लेव्हलला पॅक-मॅन कमाल वेगाच्या ८० टक्क्यांनी पळतो, भुतं ७५ टक्क्यांनी. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पॅक-मॅन सुटतो. पण ठिपके खाताना त्याचा वेग ७१ टक्क्यांवर येतो, म्हणजे भुतांपेक्षा कमी. गुण मिळवायचे तर धोका पत्करा, जीव वाचवायचा तर आधीच साफ केलेल्या वाटेनं पळा, असा पेच या चार-पाच टक्क्यांच्या फरकात भरलेला आहे. बाजूच्या बोगद्यात भुतं फारच मंद होतात, पॅक-मॅन होत नाही. आणखी एक बारकावा: वळण येण्याच्या थोडं आधीच कळ फिरवली तर पॅक-मॅन कोपरा कापून वळतो आणि भुतांपासून दोन-चार पिक्सेल कमावतो. नवशिक्यांच्या नकलेत वळण अचूक चौकटीवरच दाबावं लागतं आणि ‘कंट्रोल नीट नाहीत’ अशी तक्रार येते. खेळणाऱ्याचा हेतू क्षणभर लक्षात ठेवून पुढच्या चौकात तो पुरा करायचा, एवढं केलं की तक्रार थांबते.

हे सगळं मूळ यंत्रात १६ किलोबाइटच्या प्रोग्राममध्ये बसवलं होतं. आज मोबाइलवरचा एक साधा फोटो त्याच्या शंभरपट भरतो. तोकड्या जागेचे चटकेही दिसतात. लेव्हलचा आकडा ८ बिटांत मोजला जात असल्यानं २५६ व्या लेव्हलला हिशेब गडबडतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानं भरतो आणि खेळ पुढे जातच नाही. पिंकीच्या गणितातही अशीच एक चूक राहिली: पॅक-मॅन वर तोंड करून असेल तेव्हा तिचं लक्ष्य चार चौकटी वर आणि चार चौकटी डावीकडेही सरकतं. जेमी पिटमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही वर्तणूक फ्रेमनिशी नोंदवून ठेवली आहे. ती चूक आपल्या नकलेत ठेवायची की दुरुस्त करायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मुरलेले खेळाडू मात्र तिच्या भरवशावर वाट काढत.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध फक्त खेळण्यापुरता नाही. पुण्यातल्या ‘सुपरगेमिंग’ कंपनीनं ‘मास्कगन’सारखे मोबाइल गेम बनवले. लाखो खेळाडू एकाच वेळी सांभाळण्यासाठी तिनं स्वतःचं ‘सुपरप्लॅटफॉर्म’ हे तंत्र उभं केलं. २०२१ मध्ये बांदाई नामकोनं ‘पॅक-मॅन’चा अधिकृत मोबाइल गेम चालवण्यासाठी हेच तंत्र निवडलं. पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० मध्ये ‘राजी’ आणला, प्राचीन भारताच्या वातावरणातला. भिंतीवर चढणं, खांबावरून झेपावणं, त्रिशूळ चालवणं यांचा हिशेब तिथेही फ्रेम आणि पिक्सेलमध्येच करावा लागतो.

नक्कल कुठवर चालते?

दुसऱ्याचा खेळ असा उचलणं कायद्यात बसतं का? भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या प्रत्यक्ष रूपाला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं. तो वाद नाटक आणि सिनेमाचा होता, पण तत्त्व तेच. ‘रस्ता ओलांडणारा प्राणी’ ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. कोनामीच्या बेडकाचं चित्र, संगीत आणि ‘फ्रॉगर’ हे नाव मात्र आपलं म्हणून वापरता येत नाही.

अमेरिकेतले दोन निकाल ही रेघ आणखी स्पष्ट करतात. ‘पॅक-मॅन’शी मिळत्याजुळत्या ‘के. सी. मंचकिन’ या खेळाविरुद्ध अटारी कोर्टात गेली. चक्रव्यूह आणि ठिपके खाणं ही सामान्य कल्पना, पण खाणारं तोंड आणि भुतांचं रूप फार जवळ गेलंय, असं १९८२ मध्ये वरच्या न्यायालयाला वाटलं आणि विक्री थांबवावी लागली. २०१२ मध्ये ‘टेट्रिस’च्या एका मोबाइल नकलेबाबत कोर्टानं सांगितलं की नियम घेता येतील, पण तुकड्यांचं रूप, रंगांची मांडणी आणि पटाची मापं सरसकट उचलता येणार नाहीत. शिकण्यासाठी घरी बनवलेल्या गेमला कुणी नोटीस पाठवत नाही. तो प्ले स्टोअरवर टाकायचा तर नाव, चित्रं आणि आवाज आपले हवेत. म्हणूनच सोनगीरचा वेश फक्त हौसेचा भाग नाही. एस.टी. आणि तापी घातली की गेम आपला होतो, आणि आतलं गणित मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकलेलं मिळतं.

तसं पाहिलं तर आपल्याकडच्या पिढीनं मूळ यंत्रं पाहिली ती थोडीच. नव्वदच्या दशकात लहान गावांत हे खेळ पोचले ते टीव्हीला जोडायच्या, कॅसेट घालायच्या यंत्रांतून, आणि त्यातली बरीचशी जपानी निन्टेन्डोच्या कन्सोलची नक्कल होती. ‘९९९९ इन १’ अशी कॅसेट आणावी आणि आत वीस-पंचवीसच खेळ नावं आणि वेग बदलून पुन्हा पुन्हा निघावेत, हा अनुभव अनेकांना आहे. ती फसवणूकच होती, पण तिच्यात एक धडाही होता. वेग थोडा वाढवला की तोच खेळ वेगळा वाटतो, हे मुलांच्या हातांना तेव्हाच कळलं होतं.

कुठून सुरुवात, कुठे शेवट

या आव्हानात सर्वाधिक गेम अर्धवट सुटतात ते हव्यासापायी. पहिल्याच आठवड्यात मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचा मोठा गेम मनात असतो. त्यापेक्षा क्रम पाळावा. ‘पाँग’मध्ये चक्र, वेग आणि गुण येतात. ‘ब्रेकआउट’मध्ये टक्कर आणि वस्तूंची यादी. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये कळपाची हालचाल आणि चढत जाणारा ताण. ‘फ्रॉगर’मध्ये रचना आणि अंतरं. ‘ॲस्टेरॉइड्स’ या १९७९ च्या खेळात जडत्व येतं: यान वळवलं तरी आधीचा वेग तसाच राहतो, आणि एका कडेनं बाहेर गेलं की दुसऱ्या कडेनं आत येतं. ‘पॅक-मॅन’मध्ये स्वभाव. प्रत्येक खेळ पुरा करायचा, म्हणजे सुरुवातीचा पडदा, गुण, हरणं आणि ‘पुन्हा खेळा’ हे बटण, सगळं. चेंडू उसळायला लागला की काम झालं असं वाटतं, पण खरी निम्मी मेहनत या उरलेल्या गोष्टींत जाते.

मग खेळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. ‘अरे, तिकडं नको, इकडं ने’ असं सांगावं लागलं, तर दोष खेळणाऱ्याचा नाही. तो कुठे अडला, कुठे चिडला, कुठे पुन्हा सुरू केलं, एवढं पाहिलं की कोणता आकडा बदलायचा ते कळतं. आणि आकडा एका वेळी एकच बदलायचा. गाड्यांचा वेग आणि अंतर दोन्ही एकदम हलवलं, तर खेळ कशानं सुधारला ते सांगता येत नाही.

नक्कल मूळ खेळासारखी चालू लागली की शेवटची परीक्षा. त्यातला एकच नियम बदलायचा. फाट्यावर रात्र होऊ द्या, आणि गाडीचा फक्त हेडलाइटचा झोत दिसू द्या. किंवा तापीला पूर येऊ द्या, आणि दर फेरीला होड्यांचा वेग वाढवा. बहुतेकदा नवा नियम आधीचं सगळं गणित मोडतो, अंतरं पुन्हा बसवावी लागतात, आणि ती का मोडली हे समजावून सांगता येतं. ‘पाँग’ बांधताना अल्कॉर्ननं फळीचे आठ भाग पाडले तेव्हा तो नेमका या टप्प्यावर होता. दिलेलं काम पुरं झालं होतं. खेळ कुठे निर्जीव आहे हे त्याला कळत होतं, आणि तो कसा जागवायचा हेही. सोनगीरहून असं काम करणाऱ्याला अल्कॉर्नपेक्षा जास्त साधनं आज हाताशी आहेत. कमी पडू शकते ती फक्त एका साध्या खेळावर आठवडाभर टिकून राहण्याची चिकाटी, आणि हे आव्हान मुळात तीच शिकवतं.